लाल दिव्याच्या मागं मागं

तू फक्त ऐक ज्योत्स्ने. मधात बोलू नोको, अन् हसाचं तं बिलकुल नाही. तू हसली की मले पुढचं सांगनं होत नाही... अन् कोनाले सांगतल्याशिवाय हे माह्या पोटात राहत बी नाही.

औंदा आमच्या घरी कापूस कुठी भरला हाय, मालूम हाय ना तुले? पुढच्या खोलीत. पार छतापर्यंत. भाव वाढन म्हनून बाबा थांबले, अन् आमी सारे मागच्या खोलीत. घरी जो येते तो मान खाजवत जाते. तं त्या कापसातल्या उंदरायले खोली बी पुरली नाही. ते गेले आमच्या जुन्या व्हॅनमधी. बाबानं बॉनेट उघडलं, तं लाईटच्या मागं हे एवढं कापसाचं घरटं. अन् वायर असे कुरतडलेले, जसा कोनं ऊस सोलून ठेवला.

बाबा म्हने, "नेऊन टाकू मूर्तिजापूरले मिस्त्रीकडं."

मी म्हटलं, "मी करते."

"तू?"

"हो, मी. मोबाईलवर पाह्यलं म्या सारं. पन लाईट लागले तं चाबी माह्या हातात. मावशीले अमरावतीले मीच सोडाले जाईन, अन् एकटीच वापस येईन."

तुले बाबा मालूमच हाय. वावरात गाडी चालवाले देते, पन रोडवर आलं की, "सरक तिकडं." गाडी शिकली तवापासून मी बाजूच्या सीटवरच बसून हाय. म्हनून मी जीव लावला वं. कुरतडलेला तुकडा कापला, नवा वायर घेतला, रंगाले रंग पाहून पीळ देला, वरून काळा टेप. बटन दाबलं... अन् भिंतीवर फक्कन उजेड पडला. बाबानं चाबी काढली अन् माह्या हातावर ठेवली.

मी काय केलं? फोटो काढला अन् स्टेटसले टाकला. 'घरीच केलं.' तू बी बदाम पाठवला होता त्याले. आठवते? पुसून टाक तो.

मावशीले सोडलं. मावशी म्हने चहा घे, मंग म्हने दोन घास खाऊन जाय. थंडीचे दिवस, बडनेरा सोडलं अन् दिवस बुडाला. मी मोठ्या तोऱ्यात लाईट लावले. काच थोडीशी खाली, गाने चालू, रानीवानी बसून राहिली होती मी. अन् एका गड्ड्यात गाडी धाडकन आदळली, तं... दोन्ही लाईट गेले. आतले दिवे चालू, इंडिकेटर चालू, गाने बी चालू. पुढं मात्र काळा पडदा लावल्यावानी.

बाजूले घेतली गाडी. तेवढ्यात बाबाचा फोन.

"कुठी हायेस?"

"येऊन राहिली बाबा. ट्रॅफिक हाय."

"लाईट बराबर हायेत ना?"

अन् मी काय सांगू तुले... मी म्हटलं, "एकदम फस्ट क्लास."

हे बोलली अन् अंधारात बसून माहे मलेच कान गरम झाले.

खरं सांगाले पायजे होतं. पन बाबा कोनाची तरी मोटरसायकल घेऊन थंडीत घ्याले आले असते, अन् एकदा घ्याले आले की चाबी गेली, जन्माची. तेवढ्यात बाजूनं एक पिकअप गेली. मागं संत्र्याची कलमं भरलेली, पानं हालून राहिलेली, अन् खाली दोन लाल लाईट. मी म्हटलं, झालं. ह्याच्या मागं मागं जाचं, त्याच्या उजेडात. मूर्तिजापूर येईनच ना.

गेली मंग. ज्योत्स्ने, खरं सांगते, भेव वाटत होतं तरी बरं बी वाटून राहिलं होतं. काचेतून संत्र्याच्या पानाचा तो कडूगोड वास... अन् पुढं ते दोन लाल ठिपके. ते डावीकडं झाले की मी डावीकडं, ते हळू की मी हळू.

मंग ते वळले. मी म्हटलं, रोडचं काम चालू असन. त्या रोडचं काम कवा चालू नसते? वळली मी बी. थोड्या वेळानं डांबर संपलं, मुरूम लागला. म्हटलं डायव्हर्शन असन. मंग पिकअप एकदम पळाले लागली. तं मी बी पळवली, तो गेला असता तं मले काय दिसलं असतं? तो अजून जोरात, मी अजून जोरात. एक कुत्रं भुकत मागं, एक बैलबंडी, एक हनमंताचं मंदिर, अन् पिकअप हॉर्न वाजवत एका फाटकातून आत शिरली... अन् त्याच्या मागून मी.

करकचून ब्रेक मारला. समोर तुळस, बाज, पत्र्यावर वाळू घातलेल्या वड्या. पिकअपमधून एक पोट्टा उतरला, हातात जॅकचा दांडा. ओट्यावरून त्याची आई, हातात काठी.

"कोन हाय बे? उतर खाली."

उतरली मी. ओढनी सावरत.

त्याचा दांडा हळूहळू खाली आला. "ताई... तुमी?"

मी इचारलं, "मूर्तिजापूर कुठी गेलं?"

"मूर्तिजापूर हाय तथीच हाय," तो म्हने. "हे आमचं आंगन होय."

"माह्या गाडीचे लाईट गेले. तुमच्या लाईटच्या भरोशावर आली मी."

"अन् मी चोर समजून गाडी पळवून राहिलो होतो."

"तुमी पळवली म्हनून तं मी पळवली."

त्यानं आईकडं पाह्यलं, दांड्याकडं पाह्यलं, अन् हसाले लागला. मंग मी बी... पन तोंड उघडाच्या आधीच शेजारून पार्बताबाई आली.

आता हे ऐक. पार्बताबाई म्हनजे त्यायच्या शेजारची म्हातारी, कोनाचं ऐकून घेनारी नोहे. अन् विपुलसाठी, म्हनजे विपुल नाव हाय त्याचं, बम दिवसापासून पोरगी पाहून राहिले होते. तुले मालूमच हाय, वावरवाल्या पोट्ट्याले आजकाल कोनी पोरगी देत नाही. तिनं भिंतीवरून काय पाह्यलं? दिवेलागनीले पोट्ट्याची गाडी हॉर्न वाजवत आली, अन् मागून ओढनी सावरत पोरगी उतरली. म्हातारी घरात गेली, भाकरीचा तुकडा अन् तांब्या घेऊन आली.

"आनली बाप्पा एकदाची. उभी राह्य माय, तशीच पुढं नोको येऊ."

अन् माह्या डोक्यावरून भाकरतुकडा ओवाळाले लागली. विपुलचं कोपर धरून तिनं त्याले माह्या बाजूले उभं केलं. तुकडा इकडं फेकला, तिकडं फेकला, पायावर पानी वतलं, थंडगार, चप्पल भिजली माही. कपाळाले कुंकू लावलं, वरून तांदूळ. साधनाकाकू, म्हनजे त्याची आई, "अवं पार्बताबाई, थांबा ना," म्हनून राहिली. पार्बताबाई काही थांबते? भिंतीवर एकेक डोकं वर येऊन राहिलं होतं. विपुल मान खाली घालून, हातात जॅकचा दांडा तसाच. अन् माह्या तोंडून निंगालं काय, तं—

"आजी, माह्या गाडीचा फ्यूज गेला."

"जाऊ दे माय," ती म्हने. "नव्या जागी होते असं."

हसली ना? म्हटलं होतं हसू नोको.

भिंतीवरचे सारे हसले. साधनाकाकूनं समजावून सांगतलं तवा पार्बताबाईनं तोंडाले पदर लावला. "म्या लोकाच्या पोरीले सूनबाई म्हनून ओवाळलं वं... काय केलं हे म्या." मले कोनावर राग यावा, तेच समजेना. तिचे डोये भरून आले होते. मी शरमेनं मेली होती, ती बी मेली होती, दोघी एकमेकीकडं पाहत नव्हतो.

काकू म्हने, "बाबाले फोन कर बाई. घ्याले येतीन."

"नाही काकू. मले लाईट सुधरून स्वतःच्या हातानं गाडी घरी न्याची हाय."

"मी येतो सोडाले," विपुल म्हने.

"तुमी सोडलं तं मी चालवली कुठी?"

त्यानं माह्याकडं पाह्यलं. चाबीचं त्याले मालूम नव्हतं, तरी काहीतरी समजला तो. म्हने, "मंग काय काय लागते ते सांगा."

बॉनेट उघडलं. कापसाचे पुंजके अजून बी होते कोपऱ्याकोपऱ्यात. त्यानं टॉर्च धरला अन् म्हने, "ताई, गाडी पेट्रोलवर चालते का कापसाच्या पऱ्हाटीवर?"

"उजेड इकडं धरा."

"नाही, कापूस येचाले मानसं लावू का म्हटलं."

मी वायरवर वाकली. अन् मले दिसलं. इंजनच्या गरमीनं टेपचा गोंद सुटला होता. अन् दोन्ही जोड मी एकाले एक लागून, एकाच ठिकानी देले होते. टेप सरकला, उघड्या तारा एकमेकीले चिकटल्या, फ्यूज उडाला. गड्ड्याचं नाव फुकटचं. माहाच पीळ, माहाच टेप, माहाच स्टेटस.

"काय झालं?" त्यानं हळूच इचारलं.

"कोन्या भैताडानं जोडलं कोन जाने," मी म्हटलं. मंग थांबली. खोटं बोलून बोलून त्या दिवशी माहं मन इटून गेलं होतं. "मीच जोडलं. घरी."

मले वाटलं आता हसन. तो म्हने, "माही पयली कलमं सारीच्या सारी वाळली होती. बाबानं झाडायसमोर उभं करून दाखवली मले. शेजारपाजाऱ्यायले बी बलावलं होतं."

"मंग?"

"मंग काय, पुन्हा बांधली."

पयले बॅटरीचा काळा वायर काढला मी. जोड उकलले, तारा साफ केल्या. एक जोड पुढं घेतला, एक मागं, म्हनजे टेप सुटला तरी दोघं भेटत नाही. पन त्यायच्या घरी टेपच नव्हता. होती कलमाची हिरवी पट्टी, झाडाच्या सालीत डोळा बसवला की वरून बांधते ती. तो म्हने, "घरी पोचेपर्यंत चालन का?" म्हटलं, चालन. पन भेवानं मी नुसती घाई करत होती वं, पट्टी घसरून राहिली होती. तं त्यानं टॉर्च आईकडं देला, अन् बोटं माह्या बोटाखालून घालून पट्टी धरली.

"खालून वर गुंडाळाची. एका वेढ्यावर दुसरा अर्धा. पानी वरून आलं तं आत नाही जाचं."

"हे वायर हाय. झाड नोहे."

"बांधनारा घाबरला की झाडाले बी समजते."

काकू टॉर्च धरून दुसरीकडं पाहत होती... म्हनजे पाहत नाही असं दाखवत होती. कापसाची खाज मानेले सुटली, अन् हात काळे. मी खांद्यानं मान घासून राहिली, जमेना. त्यानं इचारलं नाही, काही नाही. माह्या केसातला एक पुंजका दोन बोटानं काढला, फुंकर मारून उडवला. बस, तेवढंच. पन ज्योत्स्ने... आता बी सांगतानी तथी खाज सुटते मले.

फ्यूज? गान्याचा काढला अन् लाईटच्या जागी लावला. त्याच रंगाचा, त्याच ताकदीचा. म्हटलं, गाने नाही वाजले तं चालते. बॅटरी जोडली, बटन दाबलं... अन् त्यायच्या गोठ्याची भिंत एकदम पांढरी झाली. आतली गाय डोळे मिचकावत आमच्याकडं पाहाले लागली. पार्बताबाई ओट्यावरून म्हने, "लागला बाई उजेड," अन् पुन्हा पदर तोंडाले.

तो म्हने, "रोडपर्यंत मी पुढं राहतो."

"आता दिसते मले."

"तुमाले दिसते. मले आरशात मागं कोनी पायजे... सवय झाली आज."

मी चाबी फिरवली. तो काचेपाशी आला अन् हळूच म्हने, "एक ऱ्हायलं. ते सुरवातीले ताई म्हटलं ना... ते वापस घेतो."

मोठ्या रोडवर आलो, तवा त्यानं डाव्या बाजूले गाडी घेतली, अन् हात बाहेर काढून मले पुढं जा म्हटलं. त्याच्या बाजूनं जातानी मी त्याच्याकडं पाह्यलंच नाही. आरशात पाह्यलं. लई दूरपर्यंत तो तथीच उभा होता.

घरी आली. बाबा फाटकात उभे, कानाले मफलर. लाईटचा उजेड त्यायच्या तोंडावर पडला तं मले केवढं भारी वाटलं. म्हटलं, पाहा बाबा, आनली गाडी. मी उतरली. बाबा माह्या कपाळाकडं पाहून राहिले.

कुंकू. मी पुसाचंच विसरली होती. केसात तांदूळ. ओली चप्पल.

"अपेक्षा," बाबा म्हने, एकदम हळू. "ट्रॅफिक होतं ना?"

धरती फाटली असती तं मी गाडीसकट आत गेली असती. सारं सांगतलं मंग. फोनवर खोटं बोलली तिथपासून, आंगन, भाकरतुकडा, सारं. फक्त पुंजक्याचं नाही सांगतलं. बाबानं बॉनेट उघडलं, मोबाईलच्या उजेडात ती हिरवी पट्टी पाह्यली, बोटानं दाबून पाह्यली.

"हे कोनं बांधलं?"

"दोघानं."

बाबानं बॉनेट लावलं. चाबी मांगतली. मी देली. मले रागावले असते तं बरं झालं असतं. खोटं बोलल्याचं त्यायले लागलं होतं, लाईटचं नाही.

दुसऱ्या दिवशी मी बाजारातून चांगला टेप अन् वायरवर चढवाची नळी आनली. बाबासमोर बसून सारे जोड पुन्हा केले, एक पुढं, एक मागं. कापूस ताडपत्रीनं झाकला, गाडी गोठ्याकडं उभी केली. बाबा बाजेवर बसून पाहत होते. हिरवी पट्टी मी फेकली नाही. कुठी हाय ते नोको इचारू.

पोचली का ते सांग म्हनून काकूनं माहा नंबर घेतला होता, त्याच्यावर विपुलचा मेसेज येते. रोज एकच. 'लाईट लागून राहिले का?' मी लिहिते, 'लागून राहिले.' एवढंच वं, खरंच. परवा मात्र त्यानं फोन केला. म्हने, "उद्या दुपारी अमरावतीले कलमं पोचवून वापस येईन. बडनेऱ्याच्या पुढं, तुमी तथून मागं लागल्या होत्या ना, तथून."

"मले काहून सांगता?"

"तवा तुमी चुकून आल्या होत्या." मंग हळूच म्हने, "मले एकदा पाहाचं हाय... तुमी पाहून येता का."

रातभर झोप नाही. अन् सकाळी बाबा म्हने काय, "मावशीले आनाचं होतं, ते ती म्हनते पुढच्या आठवड्यात. पन मले अमरावतीले काम हाय. चाल." अन् चाबी माह्यापुढं धरली. "मी बाजूले बसतो."

म्हनजे समज, वापस येतानी बाबा बाजूच्या सीटवर, मांडीवर थैली, अन् मी चालवून राहिली. ऊन कसं लख्ख. रोड दूरपर्यंत दिसून राहिला. अन् बडनेरा सुटलं तं पुढं पिकअप. मागं रिकामे क्रेट, खाली दोन लाल लाईट. त्याच्या आरशात तो दिसला मले. मी दिसली त्याले. बाबा बी दिसले असतीन, कारन पिकअप थोडी डगमगली.

कितीतरी वेळ मी त्याच्या मागं. ओलांडून गेली नाही, मागं बी ऱ्हायली नाही. बाबा खिडकीतून पऱ्हाट्या पाहून राहिले होते. मंग ते वळन आलं. पिकअपचा डावा इंडिकेटर लागला. लपक झपक, लपक झपक. आमचा रस्ता सरळ. ऊन एवढं, की चुकली म्हनाले जागाच नाही. वळनापाशी गाडी थांबली माही. अन् हातानं, मले न इचारता, इंडिकेटर देला.

टिक टिक, टिक टिक.

बाबानं त्या दिव्याकडं पाह्यलं. मंग पिकअपकडं. मंग माह्याकडं... लई वेळ.

"काहून वं," म्हने, "आज बी लाईट गेले का?"

हो म्हटलं असतं तं सुटली असती. हसून सरळ निंगून गेली असती. पन त्या रातीचं 'फस्ट क्लास' अजून माह्या कानात होतं. मान वर होत नव्हती, गाल नुसते भाजून राहिले होते.

"नाही बाबा," म्या म्हटलं. "चालू हायेत. सारं दिसून राहिलं."

बाबानं मांडीवरची थैली खाली पायापाशी ठेवली, मफलर काढून त्याची घडी केली. अन् मंग समोर पाहत म्हने, "मंग वळ ना. इंडिकेटर देऊन उभी कायले हायेस, मागून ट्रक येऊन राहिला."

आता सांग ज्योत्स्ने. बाजूले बाप, पुढं तो लाल दिवा, मागं ट्रक, अन् तोंड लपवाले हातभर अंधार नाही. तू असती तं काय केलं असतं?